पूल पाहायला तळेगावला

सगळी गडबड एका कमेंटमुळे झाली. पण त्याआधी मला माझा आजार सांगावा लागेल, नाहीतर ही पोस्ट वाचून तुम्ही मलाच एखाद्या डॉक्टरचा पत्ता पाठवाल.

मला पूल बघायचं व्यसन आहे. कापड चढवलेलं टेबल, सहा भोकं, रंगीत गोळे आणि लांब काठी, तो पूल. खेळत नाही, नुसता बघते. परदेशातल्या मोठ्या स्पर्धा यूट्यूबवर फुकट दिसतात आणि मी गेली नऊ वर्षं त्या भक्तिभावाने बघत आले आहे. नियम अगदी सोपे आहेत. नऊ गोळे असतात, पांढऱ्या गोळ्याने आधी सगळ्यात लहान नंबराच्या गोळ्याला शिवायचं आणि नियमाने खेळून नंबर नऊ भोकात घातला की तो डाव तुमचा. पांढराच भोकात गेला तर चूक. एवढ्यासाठी माणसं घामाघूम होतात. मीही होते, सोफ्यावर बसून.

दुःख एकच होतं. हे व्यसन असलेली आख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी एकटीच, अशी माझी समजूत होती. क्रिकेट बघताना तुम्ही ओरडलात तर चार घरांतून साथ मिळते. पूल बघताना मी ओरडले की शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काऊन वो सुजाता, पाल दिसली काय?" आमच्या घरात मिलिंद, म्हणजे माझा नवरा, या सगळ्याला 'तुह्या गोट्या' म्हणतो. "झाल्या का तुह्या गोट्या? मंग कुकर लाव." नऊ वर्षांत माझ्याबरोबर एकदाही, एकाच क्षणी, दुसऱ्या कोणाचा श्वास अडकलेला नाही. हे वाचायला फालतू वाटेल, पण मला ते फार लागायचं.

तर एका रविवारी सेमीफायनल चालू होती. बाजूच्या लाइव्ह चॅटमध्ये फिलिपिन्सवाले, पोलंडवाले, कुठले कुठले लोक आपापल्या भाषेत भांडत होते आणि त्या गर्दीत अचानक देवनागरीत एक ओळ आली: "अबे हळू मार ना बापा, काऊन घाई करून राह्यला!"

माझ्या हातातला चहा सांडला. ओळ टाकणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, पी यू एल, पुलवाला. पूलचं स्पेलिंग चुकलं होतं, पण माणूस दर्दी होता. मी कप तसाच ठेवून लिहिलं, "दादा, मी वर्ध्याची. तुमी कुठचे जी?"

"तळेगाव श्यामजी पंत."

"तुमच्या गावात पूल आहे?"

"हो. दोन वर्षं झाले. लय मस्त. येजा पाहाले."

"पुढच्या रविवारी साडेतीनला फायनल आहे. येऊ?"

"येजा. पुलाजवळ बसू."

आणि मॅच संपली, चॅट बंद. ना फोन नंबर, ना खरं नाव. पण तळेगावात पूल आहे आणि तिथे एक माणूस माझ्यासोबत फायनल बघायला तयार आहे, एवढं मला पुरेसं होतं. नकाशात शोधलं, तर कुठल्याशा रिसॉर्टचा पोहायचा तलाव दाखवला. म्हटलं, या नकाशाला काय कळतं.

मिलिंदने एकदाच शंका काढली. "सुजाता, नदी-नाल्यावरचा पूल असन थो."

"जो माणूस पूल बघता बघता पूल म्हणतो, तो नाल्यावरचा कशाला म्हणेल?" मी म्हणाले. माझ्या तर्कात आजही मला खोट दिसत नाही. शेवटी गाडी मिलिंद चालवणार आणि वाटेत तो म्हणेल तिथे खायला थांबायचं, असा तह झाला.

रविवारी सकाळी आठला सेवाग्रामहून निघालो. हिवाळा होता, त्यामुळे स्वेटर, मफलर आणि माझ्या खांद्याला काठी. हो, माझ्याकडे पूलची स्वतःची काठी आहे. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये घेतली, दोन तुकड्यांची, मध्ये आटे असलेली. तिने अजून एकाही गोळ्याला शिवलेलं नाही. वर्ध्यात टेबलं आहेत म्हणे, पण कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत चाळिशीची बाई काठी घेऊन शिरायचं माझं धाडस झालं नाही. ती मी जुन्या ओढणीत गुंडाळून घेतली. सेवाग्रामात काठी घेऊन चाललेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ही या गावाची मोठी सोय आहे.

तळेगावला जायचं तर वर्ध्याहून आर्वीचा रस्ता धरावा लागतो. मिलिंदने गाडी नेमकी उलट्या दिशेला, पवनारला घेतली. का, तर त्याच्या बहिणीला पापडांचा डबा द्यायचा होता. माझी नणंद कल्पना, तिचं घर धाम नदीच्या काठाजवळ. तिने चहा ठेवला, चिवडा काढला आणि विचारलं, "एवढ्या सकाळी कुठी निघाले?"

"हिले तळेगावचा पूल पाह्याचा आहे," मिलिंद अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

कल्पना माझ्याकडे बघतच राहिली. "पूल पाहाले तळेगावले? अवो वहिनी, आमच्या पवनारचा पूल काय वाईट आहे? इथूनच पाह्य ना, खाली पानी, वरून लोकं जाते. तळेगावच्या पुलाले काय सोनं लावलं काय?"

मी तिला गोळे, भोकं, काठी असं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना मिलिंदच्या कानात म्हणाली, "वहिनीले जरा आराम करू देत जाय." मला ते स्वच्छ ऐकू आलं.

परत वर्ध्यात येऊन तर्री-पोहे खाल्ले. कोणाकडे पाहुणं म्हणून रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा घेतला आणि पेट्रोल भरून आर्वीच्या रस्त्याला लागलो. तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा, वर्ध्याहून तळेगाव साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, बाइकवर दोन तास धरा. मिलिंद सोबत असेल तर साडेतीन. तो प्रत्येक आलुबोंड्याच्या गाड्यावर थांबतो. खरांगण्याचा आलुबोंडा बरा होता. आर्वीचा त्याहून बरा, हिरव्या मिरचीसकट, पण तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आर्वीनंतर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. झाडं फळांनी वाकलेली आणि फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले. मला तिथेही काठ्या आणि गोळेच दिसत होते.

गाड्यावरच्या प्रत्येक माणसाने माझ्या खांद्यावरच्या ओढणीबद्दल विचारलं. एकाला ती सनई वाटली. "लग्नात वाजवाले जाता काय ताई?" मिलिंद म्हणाला, "हो, सुपारी घेतो आमी." गाडेवाल्याने त्याचा नंबरही मागून घेतला आणि मिलिंदने तो दिला. तेव्हापासून सनईसाठी दोन फोन येऊन गेलेत.

तळेगावात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. म्हटलं, दोन तास हातात आहेत, गाव काही एवढं मोठं नाही. बसस्टँडवर पेपर वाचत बसलेल्या एका काकांना विचारलं, "काका, इथे पूल कुठे आहे?"

"कोनता? जुना का नवा?"

मला आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तळेगावात दोन-दोन! "नवा. दोन वर्षांपूर्वी झाला तो."

"सरळ जा. खाली उतार लागन, मंग डाव्या हातले वळजा. मोठा आहे, दिसतेच."

मिलिंदने गालातल्या गालात हसत गाडी सुरू केली. त्याचं हे हसणं मी ओळखते. उतार लागला, डावीकडे वळलो आणि समोर नाल्यावर, नव्या कठड्यांचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, खरोखर सुंदर असा पूल होता. त्यावरून एक बैलगाडी चालली होती.

"चाल," मिलिंद म्हणाला, "काढ काठी. खेळ."

मी हार मानली नाही. पुलाच्या टोकाला बंद शटरची दोन-तीन दुकानं आणि एक पानटपरी होती. टपरीवाल्याला म्हटलं, "दादा, हा पूल नाही. दुसरा पूल. ज्यात भोकं असतात."

टपरीवाल्याचा चेहरा पडला. "कुठी पडले भोकं? तुमी पेपरवाल्या काय? आताच तं बांधला!"

"तसं नाही हो. बरं, इथे पुलवाला कोण आहे?"

"थो ठेकेदार? थो नागपूरचा. भोकं पडले म्हन्ता तं त्यालेच फोन करा ना." आणि तो तुरुतुरु पुलावर जाऊन वाकून वाकून भोकं शोधू लागला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. दहा मिनिटांत पुलावर सात-आठ माणसं खाली मान घालून फिरत होती. आम्ही तिथून काढता पाय घेतला.

पुढचा एक तास मी तुम्हाला फार सांगत नाही. शाळेजवळ विचारलं, दवाखान्याजवळ विचारलं, जो तो त्याच पुलाकडे बोट दाखवायचा. एका बाईने तर माझा हात धरून मला तिथे नेऊन सोडलं. पावणेतीन वाजले. मोबाइलवर फायनल कुठेही उभं राहून बघता आली असती, ते मला कळत होतं. पण मग ती पुन्हा मी एकटीच बघणार होते आणि तेही पंचाहत्तर किलोमीटर लांब येऊन. बाजारातल्या एका ओट्यावर मी बसले आणि मला चक्क रडू आलं.

मिलिंदने ते बघितलं आणि पहिल्यांदाच दिवसभरात टिंगल केली नाही. "विचारून नाई कळत त्याहिले," तो म्हणाला. "करून दाखव."

शेजारी एक मावशी संत्र्यांचा ढीग लावून बसल्या होत्या. मिलिंदने त्यांच्याकडून नऊ संत्री घेतली, पलीकडच्या गाड्यावरून एक पांढरा कांदा आणला आणि ओट्यावर बारदान अंथरलं. मी ओढणी सोडली, काठीचे आटे बसवले, संत्री पतंगाच्या आकारात मांडली. नऊ वर्षं जे नुसतं बघितलं ते हातांनी पहिल्यांदाच करत होते. डावा हात बारदानावर टेकवला, बोटांची कमान केली, त्यावर काठी ठेवली आणि कांद्याला टोला दिला.

कांदा बरोबर पहिल्या संत्र्यावर आपटला आणि संत्री दाही दिशांना पळाली. म्हणजे, नऊच होती, पण गोंधळ दहा दिशांचा झाला. तीन ओट्यावरून खाली, एक ऑटोखाली, एक सरळ नालीत. मावशी ओरडल्या, "अवो बाई, संत्रं खाचं असते! मारता काऊन त्याले?" भोवती ही गर्दी जमली. मी घसा ताणून सांगत होते की नालीत गेलं ते मोजायचं, आता पुन्हा माझीच पाळी.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारेबुवा पुढे आले. उरलेल्या संत्र्यांकडे बघितलं, कांद्याकडे बघितलं. "अरे, हे तं शेषराव टेलर पाहाते थ्या गोट्या व्हय! मोबाइलात. दिवसभर पाहाते थो."

"कुठे असतात ते?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"पुलाजवळ."

मिलिंद इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं.

पुलाच्या टोकाला जी बंद शटरं होती, त्यातलं मधलं आता उघडलं होतं. आत शिलाई मशीन, मशीनवर दोऱ्याच्या रिळाला टेकवून उभा केलेला मोबाइल आणि गळ्यात टेप घातलेले साठीचे एक काका. घड्याळात तीन वीस. मला काठीसकट दारात बघून ते उठले.

"तुमीच काय जी त्या फायनलवाल्या ताई? म्या जेवाले घरी गेलतो. म्हटलं, पूल पाहून परत गेल्या असान." मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "पाह्यला ना पूल? आवडला?"

"चार वेळा पाहिला काका," मी म्हणाले. "फार आवडला."

झालं होतं असं की शेषरावकाका या खेळाला पूल म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'नवगोटी'. त्यांच्यासाठी पूल म्हणजे दुकानासमोरचा, ज्याच्यामुळे पावसाळ्यात नाला भरला तरी गिऱ्हाईक येऊ लागलं तो. चॅटमधलं 'पुलवाला' हे नाव त्यांच्या भाच्याने दुकानाच्या जागेवरून ठेवलेलं. बोलून टाइप करायलाही त्यानेच शिकवलं. आणि वर्ध्याची एक बाई कौतुकाने पुलाची चौकशी करते आहे, तर या म्हणावं, एवढंच त्यांना वाटलं.

"पण तुम्हाला याचा नाद कसा लागला?" मी विचारलं.

"कापडापायी." काकांनी स्टूल पुढे केलं. "सात सालं झाले. अमरावतीले एका हॉटेलात टेबलाचं कापड फाटलं. मले बोलावलं शिवाले. बोटभर चीर होती, पन मालक असा रडे, जसं पोरीचं लग्न मोडलं. म्या म्हटलं, एवढं काय असते या कापडावर? घरी येऊन मोबाइलात पाह्यलं. तवापासून सुटलंच नाई." टेबल त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच बघितलंय. त्यांच्यासोबत मॅच बघणारं कोणी नव्हतंच. "गिऱ्हाइकाले सांगतो, तं थे म्हन्ते, काका, आधी पँट द्या."

मॅच सुरू झाली. एकीकडे फिलिपिन्सचा एक बुटका, हसरा खेळाडू, दुसरीकडे पोलंडचा उंच, कधीही न हसणारा पोरगा. जो आधी तेरा डाव जिंकेल तो विजेता. पाचव्या मिनिटाला काका म्हणाले, "पाह्यलं ताई? कापड नवं आहे. गोटी मागच्या मॅचपेक्षा जास्त पळून राह्यली. हा उंच पोरगा अजून जुन्याच अंदाजानं मारते, पाहजा, पांढरी पुढे जाईन." आणि पांढरी पुढे गेली. नऊ वर्षं मी खेळाडूंचे चेहरे बघत आले, कापडाकडे कधी लक्षच दिलं नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्या जिल्ह्यात, माझ्याहून जास्त कळणारा माणूस बसला होता!

मी काय फक्त ऐकून घेणार होते? एकदा हसऱ्याचा सोपा गोळा चुकला, तेव्हा मी म्हणाले, "काका, त्याचा ब्रिज हलला."

"काय हलला?"

"ब्रिज. डाव्या हाताच्या बोटांची कमान करतात ना काठी ठेवायला, तिला ब्रिज म्हणतात."

काकांनी मशीन थांबवली. चष्मा वर केला. "ब्रिज म्हंजे पूलच ना जी?"

मी मिलिंदकडे बघितलं. "म्हंजे," काका आपल्या डाव्या हाताची कमान करून तिच्याकडे बघत म्हणाले, "पूल खेळाले आधी पूल बांधा लागते!" आणि ते स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी तिघांसाठी चहा मागवला. गोरसपाकाचा पुडा तेव्हाच फुटला.

बारा-बारा झालं. शेवटचा डाव. नेमक्या तेव्हा एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. "शेषरावभाऊ, झाला काय?"

"झाला. पन थांबा. इथी जगाचं ठरून राह्यलं."

त्या बाई कंटाळून दाराला टेकल्या. टेबलावर फक्त नववा गोळा उरला. उंच पोरगा वाकला. मिलिंद, ज्याला नऊ वर्षांत एकदाही या खेळात रस वाटला नव्हता, तो मशीनवर इतका ओणवला की काका म्हणाले, "भाऊ, सुई आहे, डोळा सांभाळा." पोराने मारला. गोळा भोकाच्या ओठावर गेला, डुलला, आणि थांबला.

"हुकलीऽऽ!" आम्ही ओरडलो. मी, काका, मिलिंद आणि ब्लाउजवाल्या बाई. चौघं एका दमात. पानटपरीवाला धावत आला आणि म्हणाला, "सापडलं काय भोक?"

हसऱ्याने तो ओठावरचा गोळा फुंकर घातल्यासारखा आत ढकलला आणि जिंकला. ब्लाउजवाल्या बाईंना तो पोलंडचा पोरगा आवडला होता. त्या जाताना म्हणाल्या, "बिचारा. त्याच्या मायनं पाह्यलं असन." माझेही डोळे ओले होते, पण त्या पोरासाठी नव्हे.

निघताना काकांनी माझी काठी हातात घेतली, टेपने मोजली आणि माझ्या ओढणीकडे तुच्छतेने बघितलं. मॅच चालू असतानाच त्यांनी शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाची एक लांब पिशवी शिवली होती, दोन तुकड्यांसाठी दोन कप्पे, वर नाडी. आता फक्त टोकाला टीप मारली. "फायनलले घेऊन येत जाजा," एवढंच म्हणाले.

अंधार पडता पडता आर्वी ओलांडली आणि जेवायच्या वेळेला घरी आलो. जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: तळेगावचा पूल खरोखर बघण्यासारखा आहे, पण त्याच्यात भोकं आहेत का, असं कोणाला विचारू नका.

त्याला आता दीड महिना झाला. खाकी पिशवी दाराजवळ टांगली आहे. परवाच्या रविवारी नवी स्पर्धा सुरू झाली. चॅट उघडल्यावर पहिलीच ओळ पुलवाल्याची होती, "ताई, कापड पाह्यलं काय?" मी उत्तर लिहीत होते. तेवढ्यात पडद्यावर पांढरा गोळा घरंगळत भोकाकडे निघाला आणि माझ्या तोंडून आवाज निघायच्या आधीच स्वयंपाकघरातून, जिथे मिलिंद मेथी निवडत असायला हवा होता, हाक आली, "अबे, पांढरी गेली ना भोकात!"

मी जाऊन बघितलं. मेथी जशीच्या तशी होती. मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून उभा होता. खिडकीतून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन वो सुजाता, आता त्यालेई पाल दिसली काय?"

"हो काकू," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी मेथी निवडायला बसले.